ब-१२ जीवनसत्त्व : सुई आणि गोळी

एखाद्या जीवनसत्त्वाच्या अभावामुळे रोग उद्भवला आहे असे निश्चित झाले, की ते जीवनसत्त्व रोग्याला दिले पाहिजे हे ओघानेच येते. परंतु ते कोणत्या मार्गाने द्यावे, रोज थोडे थोडे द्यावे की एकाच वेळी मोठ्या प्रमाणात द्यावे, आणि ते किती काळ देत राहावे, या प्रश्नांचा विचार त्या मानाने कमी केला जातो. रोगी व त्याचे आप्त यांची तर अशी ठाम समजूत असते, की सुई ही गोळीपेक्षा केव्हाही प्रभावी. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही समजूत काही प्रसंगी खरी ठरते, बऱ्याच प्रसंगी ठरत नाही. आणि कोणत्या प्रसंगी काय, हे कळण्यासाठी मुळात या जीवनसत्त्वाची उणीव शरीरात कशी निर्माण होते, हे पाहावे लागते.

या जीवनसत्त्वाचा शोध एका असाध्य मानल्या गेलेल्या रोगामुळे लागला. टॉमस ॲडिसन या इंग्रज वैद्याने १८४९ मध्ये आणि पुढे १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एका विचित्र पांडुरोगाचे वर्णन केले होते. रोगी हळूहळू फिकट होत जाई, त्याला धाप लागे, जिभेची आग होई, हातापायांना मुंग्या येत, आणि काही महिन्यांत किंवा दोनचार वर्षांत तो दगावे. रक्तस्राव किंवा दुसरे कोणतेही उघड कारण सापडत नसे. लोहाचा उपयोग होत नसे. या रोगाला पुढे ‘घातक पांडुरोग’ असे नाव पडले आणि पाऊणशे वर्षे ते नाव अक्षरशः खरे होते.

अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. रक्त काढून पांडुर केलेल्या कुत्र्यांना निरनिराळे अन्न देऊन पाहता यकृत खाणाऱ्यांचे रक्त लवकर भरून येते, असे त्यांना आढळले. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी या वैद्यांनी घातक पांडुरोगाच्या रोग्यांना रोज सुमारे पाव किलो, अर्धवट शिजवलेले यकृत खायला घालण्यास प्रारंभ केला. १९२६ मध्ये त्यांनी अशा ४५ रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आठवडाभरातच रोग्यांच्या रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागत, भूक परत येई, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस उठून चालू लागे. १९३४ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. व्हिपल यांच्या कुत्र्यांना गुण आला तो मुख्यतः यकृतातील लोहामुळे. माणसांना गुण आला तो अगदी वेगळ्याच द्रव्यामुळे. चुकीच्या वाटेने योग्य ठिकाणी पोचल्याचे हे एक उदाहरण होय.

मात्र ही उपचारपद्धती रोग्यांना जाचक वाटे. रोज पाव किलो जवळजवळ कच्चे यकृत, तेही जन्मभर, खाणे सोपे नव्हे. म्हणून यकृताचे अर्क तयार झाले. १९३० च्या सुमारास ते टोचून देता येऊ लागले, आणि ज्या कामासाठी शेरभर यकृत लागत होते ते काही घनसेंटिमीटर द्रवाने भागू लागले. सुईची प्रतिष्ठा येथपासून सुरू झाली.

दरम्यान बोस्टनमध्येच विल्यम कॅसल या तरुण वैद्याला एक साधा प्रश्न पडला होता : निरोगी माणसाला पाव किलो यकृत रोज का खावे लागत नाही? घातक पांडुरोगाच्या रोग्यांच्या जठरात पाचकरस जवळजवळ नसतो, हे ठाऊक होते. कॅसल यांनी रोग्यांना दहा दिवस रोज नुसते गोमांस दिले, परिणाम शून्य. मग निरोगी माणसाने, प्रसंगी स्वतः कॅसल यांनी, तेच मांस खाल्ले, तासाभराने ते जठरातून बाहेर काढले आणि काही काळ उबेत ठेवून नळीने रोग्याच्या पोटात सोडले. सहाव्या दिवसाच्या सुमारास रोग्याच्या रक्तात कोवळ्या पेशी दिसू लागल्या. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग किळसवाणा खराच, पण त्यातून निघालेला निष्कर्ष अत्यंत स्वच्छ होता. अन्नात एक ‘बाह्य घटक’ असतो, निरोगी जठर एक ‘अंतर्गत घटक’ स्रवते, आणि दोहोंची गाठ पडल्याखेरीज कार्य होत नाही. घातक पांडुरोगात उणीव अन्नाची नसून जठरातील घटकाची असते.

बाह्य घटक म्हणजे काय, याचे उत्तर मिळायला १९४८ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत कार्ल फोकर्स यांच्या आणि इंग्लंडमध्ये लेस्टर स्मिथ यांच्या संशोधकगटांनी यकृतातून लाल रंगाचे स्फटिक वेगळे केले. हेच ब-१२ जीवनसत्त्व. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट हा धातू असतो. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने १९५६ पर्यंत उलगडून दाखवली. त्याची गरज विलक्षण अल्प आहे. प्रौढ माणसाला दिवसाला दोन ते अडीच मायक्रोग्रॅम पुरतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

ही अल्प मात्रा आतड्यातून रक्तात कशी जाते, यावर सुई आणि गोळी यांचा सारा वाद अवलंबून आहे. वाटा दोन आहेत. पहिली वाट कॅसल यांनी दाखवून दिलेली. जठरातील अंतर्गत घटक ब-१२ ला कवटाळतो, ती जोडी लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत प्रवास करते आणि तेथील विशिष्ट ग्राहींच्या द्वारे आत घेतली जाते. ही वाट कार्यक्षम आहे, पण अरुंद आहे. एका वेळच्या जेवणातून ती फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत घेऊ शकते. त्याहून अधिक कितीही दिले तरी ग्राही काही तास अडकून पडलेले असतात. दुसरी वाट अंतर्गत घटकावर मुळीच अवलंबून नाही. आतड्याच्या भिंतीतून विसरणाने, झिरपावे तसे, थोडे ब-१२ आपोआप पलीकडे जाते. परंतु दिलेल्या मात्रेच्या सुमारे एक टक्काच. अन्नातून मिळणाऱ्या दोनपाच मायक्रोग्रॅमचा एक टक्का म्हणजे काहीच नव्हे. पण हजार मायक्रोग्रॅमची गोळी घेतली, तर तिचा एक टक्का दहा मायक्रोग्रॅम होतो. दिवसाच्या गरजेच्या चौपट.

हे गणित लक्षात आले म्हणजे मिनो आणि मर्फी यांच्या यकृतभोजनाचे कोडेही सुटते. पाव किलो यकृतात शेदीडशे मायक्रोग्रॅम ब-१२ असते. जठराचा घटक नसलेल्या रोग्यातही त्यातील एकदीड मायक्रोग्रॅम नुसते झिरपून रक्तात जात असले पाहिजे. म्हणजे जगातील पहिला यशस्वी उपचार तोंडावाटेच, मोठ्या मात्रेने केलेला उपचार होता. सुई त्यानंतर आली.

असे असूनही १९५० नंतर बहुतेक देशांत सुईच प्रमाण मानली गेली. त्याला एक कारण घडले. त्या दशकात डुकराच्या जठरातून काढलेला अंतर्गत घटक आणि थोडे ब-१२ अशा संयुक्त गोळ्या बाजारात आल्या होत्या. आरंभी त्यांनी गुण येई. पुढे कित्येक रोग्यांचे शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करी आणि गोळी निष्प्रभ होई. रोग उलटल्याची उदाहरणे घडली. त्यावरून तोंडावाटे उपचार विश्वासार्ह नाही असा ग्रह झाला, आणि नुसत्या ब-१२ च्या मोठ्या मात्रेची गोळी ही अगदी निराळी वस्तू आहे, इकडे दुर्लक्ष झाले. स्वीडनमध्ये मात्र १९६० च्या दशकात घातक पांडुरोगाच्या रोग्यांना रोज हजार मायक्रोग्रॅमच्या गोळ्या देऊन त्यांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. तेथे ही पद्धत रुळली. इतरत्र तिची वार्ता फारशी पोचली नाही.

दोन्ही पद्धतींची रीतसर तुलना बऱ्याच उशिरा झाली. १९९८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ब-१२ ची उणीव असलेल्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाला रोज दोन हजार मायक्रोग्रॅमची गोळी, दुसऱ्याला ठरावीक दिवशी हजार मायक्रोग्रॅमची सुई. तीन महिन्यांत एकूण नऊ सुया. चार महिन्यांनंतर रक्त दोन्ही गटांचे सुधारले होते, पण रक्तद्रवातील ब-१२ ची पातळी गोळी घेणाऱ्यांत सुमारे तिप्पट आढळली. हा निकाल अनपेक्षित वाटला, तरी त्याचे कारण साधे आहे. सुईने दिलेले हजार मायक्रोग्रॅम एकदम रक्तात येतात, त्यांना धरून ठेवणारी प्रथिने मोजकीच असतात, आणि उरलेला बहुतांश भाग एकदोन दिवसांत मूत्रावाटे निघून जातो. सायनोकोबालामिन या प्रकारात ही नासाडी अधिक, हायड्रॉक्सोकोबालामिनमध्ये कमी. म्हणूनच हायड्रॉक्सोकोबालामिनची सुई दोनतीन महिन्यांतून एकदा दिली तरी भागते.

ही चाचणी लहान होती, अवघ्या ३८ रोग्यांची. २०१८ मध्ये अशा सर्व चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या चाचण्या तीनच निघाल्या आणि त्यांतील रोगी सर्व मिळून १५३. दोन्ही मार्ग रक्तातील पातळी सारखीच सुधारतात, पण पुरावा अपुरा आहे, असा त्या आढाव्याचा सूर होता. २०२० मध्ये माद्रिदच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील, ६५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २८३ रोग्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक तपशील बोधप्रद आहे. पहिले आठ आठवडे गोळी रोज दिली होती आणि तोवर दोन्ही गट बरोबरीने चालले. पुढे गोळी आठवड्यातून एकदाच दिली, तेव्हा वर्षाअखेरीस गोळीचा गट थोडा मागे पडला. एक टक्का झिरपणाऱ्या वाटेवर विसंबायचे, तर ती वाट रोज वापरावी लागते, हाच त्याचा अर्थ. तथापि रोग्यांना पसंती विचारली असता दहांपैकी आठांहून अधिक जणांनी गोळीच पसंत केली.

जिभेखाली विरघळवायच्या गोळ्यांचाही बराच गाजावाजा होतो. जिभेखालून औषध थेट रक्तात जाते आणि म्हणून ते श्रेष्ठ, असा युक्तिवाद असतो. समान मात्रेची गोळी जिभेखाली ठेवून आणि गिळून पाहिली असता परिणामात फरक आढळला नाही. जिभेखालची गोळीही बहुधा शेवटी लाळेबरोबर गिळलीच जाते. मिथिलकोबालामिन हा महागडा प्रकार साध्या प्रकारापेक्षा गुणकारी असल्याचाही समाधानकारक पुरावा नाही. पेशीत शिरताच कोणत्याही प्रकारातील जोडगट काढून टाकला जातो आणि पेशी आपल्याला हवा तो नव्याने जोडते.

येथवर युरोप-अमेरिकेतील अनुभव झाला. तेथील रोगी बहुतांशी वृद्ध, आणि त्यांचा दोष जठरात किंवा आतड्यात. भारतातील परिस्थिती निराळी आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते केवळ सूक्ष्मजंतू तयार करतात आणि प्राण्यांच्या मांसात, अंड्यांत व दुधात ते साठते. डाळी, भाज्या, फळे, धान्ये यांत ते नाही. शाकाहारी माणसाचा भरवसा दुधादह्यावर, आणि पेलाभर दुधात ते साधारण एक मायक्रोग्रॅम असते. उकळण्याने त्यातही घट होते. चहापुरतेच दूध घरात येत असेल, तर हिशेब उघड आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्यातील व परिसरातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्के जणांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. विशेष असे, की हे प्रमाण झोपडपट्टीतील लोकांपेक्षा शहरी मध्यमवर्गात अधिक होते. ही उणीव दारिद्र्याची नव्हे, निदान केवळ दारिद्र्याची नव्हे.

अशा माणसाचे जठर आणि आतडे धडधाकट असते. अरुंद का होईना, त्याची पहिली वाट उघडी असते. तिच्यावरून जाण्यास माल नसतो एवढेच. मग त्याला हजार मायक्रोग्रॅमची सुई कशासाठी? पुण्यातच केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही कुटुंबांतील मुलांना व प्रौढांना वर्षभर रोज फक्त दोन किंवा दहा मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले. ब-१२ कमी पडले म्हणजे रक्तात होमोसिस्टीन हे द्रव्य साचते. ते दोन्ही मात्रांनी लक्षणीय रीतीने उतरले, आणि दोन व दहा मायक्रोग्रॅमच्या परिणामांत फारसे अंतर दिसले नाही. नित्याच्या आहारात जेवढे असायला हवे होते, तेवढेच दिले असता काम झाले. आपल्याकडे अशक्तपणाच्या प्रत्येक तक्रारीवर लाल रंगाची सुई टोचून घेण्याची जी हौस आहे, तिचा या निष्कर्षाशी काही मेळ बसत नाही.

परंतु यावरून सुई निरुपयोगी ठरते असे मात्र नव्हे. ब-१२ ची उणीव केवळ रक्ताला ग्रासत नाही, ती मज्जातंतूंनाही ग्रासते. त्यांवरील आवरण झिजू लागते, मेरुरज्जूचा मागील व बाजूचा भाग बिघडतो. तळपायांना मुंग्या येतात, पाऊल कोठे पडते ते कळत नाही, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटताच तोल जातो. स्मृती आणि मनःस्थितीही ढळते. हे सर्व पांडुरोग नसतानाही घडू शकते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ब-१२ च्या अभावाने मज्जाविकार झालेल्या १४१ रोग्यांपैकी ४० जणांत पांडुरोग नव्हता किंवा तांबड्या पेशींचा आकारही वाढलेला नव्हता. रक्ताची हानी दोन महिन्यांत भरून निघते. मज्जातंतूंची हानी भरून यायला सहा महिने, वर्षही लागते, आणि उपचारास उशीर झाला असेल तर ती पूर्णपणे भरून येतच नाही. तेव्हा येथे औषध शोषले जाते की नाही, रोगी गोळी नेमाने घेतो की नाही, अशा शंकांना जागा ठेवणे परवडणारे नसते. अशा रोग्याला हायड्रॉक्सोकोबालामिनची सुई दिवसाआड, सुधारणा थांबेपर्यंत देत राहावी आणि नंतर दोन महिन्यांतून एकदा द्यावी, असा ब्रिटनमधील परिपाठ आहे. तीव्र पांडुरोगात, सतत वांत्या-जुलाब होत असताना, किंवा लहान आतड्याचा शेवटचा भाग कापून काढलेला असताना प्रारंभ सुईनेच करणे शहाणपणाचे ठरते.

मज्जातंतूंच्या या धोक्यामुळेच आणखी एका औषधाविषयी सावध राहावे लागते. लूसी विल्स ही इंग्रज स्त्रीवैद्य १९२८ मध्ये मुंबईस आली आणि कापडगिरण्यांतील गरोदर कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा तिने अभ्यास केला. यातही तांबड्या पेशी मोठ्या दिसत, पण घातक पांडुरोगात चालणारे शुद्ध यकृत-अर्क येथे चालत नसत. यीस्टच्या स्वस्त अर्काने मात्र गुण येई. १९३१ मध्ये तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधील ते द्रव्य म्हणजे आजचे फॉलिक अम्ल. १९४५ च्या सुमारास ते कृत्रिम रीतीने तयार झाले, तेव्हा घातक पांडुरोगाच्या रोग्यांनाही देऊन पाहण्यात आले. रक्त झपाट्याने सुधारले, सर्वांना आनंद झाला, आणि काही महिन्यांत त्याच रोग्यांचे पाय लुळे पडू लागले. फॉलिक अम्लाने रक्तातील खूण पुसली होती. मेरुरज्जूतील रोग तसाच पुढे सरकत होता. दोन्ही जीवनसत्त्वांची उणीव एकत्र असण्याचा संभव भारतात पुष्कळ, म्हणून ब-१२ चा विचार न करता केवळ फॉलिक अम्लावर मोठ्या पेशींचा पांडुरोग बरा करू पाहणे धोक्याचे आहे.

याहून करुण उदाहरण तान्ह्या मुलांचे आहे. वेल्लोर येथील वैद्यांनी १९६२ मध्ये अंगावर पिणाऱ्या काही भारतीय अर्भकांच्या एका विकाराचे वर्णन केले. मूल सुस्त होते, हसेनासे होते, शिकलेल्या हालचाली विसरते, हातापायांची त्वचा काळवंडते, कधी अंगाला कंप सुटतो. मूल वरून गुटगुटीतही दिसू शकते. आईच्या दुधात ब-१२ अत्यल्प होते, कारण आईच्याच शरीरात ते नव्हते. हे जीवनसत्त्व दिल्यावर मुले काही दिवसांतच टवटवीत होऊ लागली. प्रौढाच्या शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम ब-१२ साठलेले असते आणि रोज त्याचा हजारावा भाग खर्ची पडतो, म्हणून त्याची उणीव जाणवायला वर्षे लागतात. उणीव असलेल्या आईच्या पोटी जन्मलेल्या बालकाजवळ ही शिल्लकच नसते. त्याला महिन्यांची मुदत असते आणि ते महिने मेंदूच्या वाढीचे असतात. अशा बाळाला सुरुवातीस सुई देतात. पण त्याच वेळी आईलाही औषध सुरू करावे लागते, आणि तिचा दोष केवळ आहाराचा असल्यास तिला गोळी पुरते.

उपचार कोणत्याही मार्गाने सुरू केला, तरी तो लागू पडतो आहे की नाही हे लवकर कळते. आठवड्याच्या आत कोवळ्या तांबड्या पेशी वाढल्या पाहिजेत, आणि आठ आठवड्यांत रक्तातील हिमोग्लोबिन पूर्वपदावर आले पाहिजे. तसे न झाल्यास बहुधा लोहाची उणीव जोडीला असते, किंवा निदानच चुकलेले असते. क्वचित गोळी घेतलीच गेलेली नसते. शाकाहारी माणसाने रक्त सुधारल्यावर औषध सोडले आणि आहार पूर्वीचाच ठेवला, तर साठा पुन्हा हळूहळू आटतो. त्याला दूधदह्याचे प्रमाण वाढवता येते, नाहीतर छोट्या मात्रेची गोळी चालू ठेवता येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, किंवा जठरातील अम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत शोषण मंदावते. त्यांच्या रक्ताची अधूनमधून तपासणी व्हावी. जठराचा अंतर्गत घटकच नाहीसा झालेल्या रोग्याला मात्र उपचार जन्मभर घ्यावा लागतो. तो दोनतीन महिन्यांनी दवाखान्यात जाऊन सुई घेईल, किंवा रोज सकाळी उपाशीपोटी हजार मायक्रोग्रॅमची गोळी गिळील. दवाखाना किती कोसांवर आहे, त्या दिवसाची मजुरी बुडते काय, गोळी न विसरता घेण्यासारखे घर आहे काय, यावरून त्याने आणि त्याच्या वैद्याने निवड करायची असते.